सोमवारची तार

माझं तोंड तिखट हाय, कबूल. पर त्या दिवशी मी खरंच काय वावगं बोललो न्हवतो.

चव्वेचाळीस साल, लढाई चालू. मी वीज कंपनीचा लाइनवरचा मुकादम. शिरवळ-खंडाळ्याच्या अंगाला डोंगराकडंच्या एका गावाला आमची लाइन ओढ्याकाठच्या बाभळींतनं गेलेली. वारं सुटलं की फांदी तारंवर, आन् दिवे बंद. गिरणी बंद, दवाखान्यात अंधार. डॉक्टर तर मला बघितलं की पाठ फिरवायचा. शेवटी सायबानं ठरवलं, बाभळी सोडून लाइन सरळ गावातनं न्यायची. खांब उभे झाले, त्यातला एक राहीबाई म्हणून एका बाईच्या परड्यात. ऱ्हायली ती नुसती तार. लढाईपायी तिची मारामार. पुण्यासनं ती निघाल्याचं कळलं, तसा मी राहीबाईच्या दारात जाऊन म्हणलो,

"मावशी, सोमवारी तुमच्या घरावर तार येनार हाय. तयारीत ऱ्हावा."

म्हंजे म्हस लांब बांधा, एवढंच. बाई मटकन खाली बसली. शेजारीण बनुबाई पाणी घिऊन पळत आली आन् माझ्याकडं अशी बघाय लागली, जणू मी म्हस सोडून न्यायला आलोय. मला कायबी उमगंना.

पाटलानं चावडीवर बोलवून सांगितलं तवा डोक्यात उजेड पडला. राहीबाईचा एकुलता एक लालासाहेब पलटणीत, इटलीकडं लढाईवर. पाच म्हैनं कागद न्हाई. वर्साभरात गावात दोन तारा आलेल्या, दोन्ही घरची पोरं गेली. आन् तिसरीचा वार मी सांगून आलो हुतो. माझीच मला लाज वाटली.

तसाच माघारी गेलो, कान धरलं. दिव्याची तार येगळी, सांगाव्याची येगळी, हे परोपरीनं सांगितलं. राहीबाईनं समदं ऐकून घेतलं. मग इचारलं, शिरवळच्या सडकंला खांबावर तार हाय, त्यातनंच सांगावा येतो न्हवं? म्हणलं, व्हय. मग खांब बी तसलाच, तार बी तसलीच, तर ही येगळी कशी? पंधरा वर्सं खांबावर काढली, पर तारंतनं दिवा कसा जातो आन् सांगावा कसा जातो, मला तरी कुठं ठावं हाय? ती म्हणली, लपवू नगा, आन् आत गेली.

चार दिस ती उंबऱ्यावर बसून. बनुबाई भाकरी आणायची, तशीच परत न्यायची. गाव माझ्याशी बोलंना. दिवे जायचे तवा शिव्या तरी देत हुते. कधी वाटायचं काम सोडून पळावं, कधी वाटायचं बाईला चांगलं खडसवावं. काय करावं सुधरंना.

सोमवारी ट्रक आला. दुपारपतुर तार ओढत आणली. परड्यातल्या खांबावर मीच चढलो आन् ती बांधली. खाली बघतो तर खांबापाशी राहीबाई उभी, बनुबाई तिला धरून, मागं सारं गाव.

"आली न्हवं?" राहीबाई म्हणली. "आता वाचा. काय असंल ते वाचा, मी ऐकती."

मी पाटलाकडं बघितलं. त्यो भुईकडं बघत हुता. न्हाई म्हणावं तर चार दिसांची उपाशी बाई. व्हय म्हणावं तर कशाच्या जिवावर? तोंडातनं कसं निघालं, देवाला ठावं.

"खुशाल हाय म्हणतोय, मावशी."

तिनं पदर तोंडाला लावला. रडली का हसली, वरनं दिसलं न्हाई. भाकरी दे म्हणली बनुबाईला. मला लय हलकं वाटलं. पर उद्या खरा सांगावा आला म्हंजे?

बनुबाई तिला घराकडं न्यायला लागली. तिला तर ही तार कसली हाय ते पुरतं ठावं हुतं, चार दिस तीच राहीबाईला समजावत हुती. पर दारापाशी तिचा पाय अडखळला. तिचाबी थोरला पलटणीत हुता. ती खांबाखाली माघारी आली आन् हळूच म्हणली,

"आमच्या सयाजीचं काय हाय का बघा की त्यात."

मला खाली उतरायचंच सुचंना.