हात ठेवायचा, धरायचा नाही

नाचवर्ग सुरू होण्याआधी ताईंनी हॉलभर फिरून फरशी पायाने चाचपली. कुठे ओल नाही ना, सतरंजीचा कोपरा वर आला नाही ना? टेकायला खुर्च्या मधोमध मांडल्या, पाठी बाहेर करून. त्यांच्याभोवती आजी-आजोबांचा गोल आणि त्याच्या बाहेर पोराटोरांचा, कारण बाहेरच्या गोलाला जास्त पळावं लागतं. सगळं चोख होतं. तरी ताई पुन्हा एकदा फरशी चाचपून आल्या. आज आतल्या गोलात त्यांची स्वतःची आई उभी होती.

खुब्याच्या ऑपरेशननंतर आई पहिल्यांदाच नाचणार होती. डॉक्टर म्हणाले होते, "नाचा, पण पुन्हा पडलात तर चालणं विसरा." आईने त्यातलं "नाचा" तेवढं ऐकलं. म्हातारीचे कान सोयीचे होते.

"हात ठेवायचा, धरायचा नाही," ताईंनी नेहमीचा नियम सांगितला. "तळव्यावर तळवा. एक घसरला तर दुसरा ओढला जायला नको."

मग आईच्या तळव्यावर तळवा ठेवून त्याही आतल्या गोलात उभ्या राहिल्या. गाणं लागलं. चार पावलं पुढे, दोन मागे. ताईंचं लक्ष ना गाण्याकडे, ना गोलाकडे. आईचं पाऊल जरा रेंगाळलं की त्यांचंही अडायचं. ऑपरेशनचा पाय उचलला की त्या श्वासच रोखून धरायच्या.

तेवढ्यात मागे धपकन आवाज झाला. बाहेरच्या गोलातली एक चिमुरडी स्वतःच्याच पायात पाय अडकून पडली होती. शेजाऱ्यांचे हात अलगद सुटले, दुसऱ्या कुणाचा तोलही गेला नाही, आणि पोरगी बसल्या जागी खिदळायला लागली. ताई मात्र दचकून गर्रकन वळल्या आणि त्यांच्यामागून आई फरफटली. गुडघा वाकला, तोल गेला. कशीबशी तिने खुर्चीची पाठ पकडली.

ताईंनी खाली पाहिलं. आईचं मनगट त्यांच्या मुठीत करकचून आवळलेलं होतं.

"पोरीने कुणाला पाडलं नाही," आई धापा टाकत म्हणाली. "तू मात्र मला पाडत होतीस."

ताईंनी मूठ सोडली. "आई, आज बस ना गं."

"बसायचंच होतं तर घरी काय खुर्च्या नव्हत्या?"

आईने तळवा पुढे केला. ताईंनी त्यावर हात ठेवला, नुसता ठेवला. आता आई पडली तर त्यांच्या हातात काहीच नव्हतं. त्यांना रडू येत होतं.

आईने ऑपरेशनचा पाय उचलला.