हात्सुए-सान खुर्चीवर बसल्या

नंदिनीबाईंच्या नातीचं बारसं झालं ते २०१९ साल. जपानात, कावासाकीच्या पुढे दोन स्टेशनांवर मुलीचं घर. पाळणा हलवायला शेजारची स्वरूपा वाकली, तशी तिची बाही वर सरकली आणि दंडावरचे काळेनिळे वळ उघडे पडले. सगळ्या बायकांनी पाहिलं आणि सगळ्यांनी पेढा तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी नंदिनीबाईंनी तिला गाठलं.

"काकू, कुठे बोलू नका हो. व्हिसा ह्यांच्या नोकरीवर आहे. ओजसला माझ्यापासून तोडतील." ओजस तिचा चार वर्षांचा मुलगा.

नंदिनीबाईंना हात्सुए-सान आठवल्या. डबे भरायच्या कारखान्यात दोघी वीस वर्षं शेजारी उभ्या राहिलेल्या. हात्सुए-सान ऐनू, म्हणजे उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या मूळच्या लोकांपैकी. तरुणपणी नवऱ्याच्या माराची तक्रार घेऊन गेल्या, तेव्हा "तुमच्या लोकांत हे चालतंच," असं ऐकून परतल्या होत्या. तेव्हापासून आपल्या बायकांसाठी त्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होत्या. मागणं एवढंच: बाईला हकीकत एकदाच सांगायला लावा, तिच्या पसंतीची बाई शेजारी बसू द्या, नवऱ्याला तिच्या वतीने बोलायला बसवू नका. उत्तर ठरलेलं, "तुमच्या बायका अशा कितीशा!"

नंदिनीबाईंनी स्वरूपाची समजूत घातली, दुभाषी म्हणून स्वतः निघाल्या, आणि हात्सुए-सानही त्यांच्याबरोबर शहराच्या कचेरीत आल्या. साहेबाने नंदिनीबाईंकडे पाहिलंही नाही. "यांच्या यजमानांना जपानी येतं ना? बोलावून घेऊ," म्हणत फोन उचलला. स्वरूपा पांढरीफटक पडली. ओजसला उचलून ती दाराकडे वळली. आज ती घरी गेली असती, तर पुन्हा आली नसती.

हात्सुए-सान दुभाष्याच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

"तुम्ही यांच्या कोण?"

"कोणी नाही."

"परत तुम्हीच! अहो, ही बाई भारतातली. ऐनूंचा काय संबंध?"

"मोडलेलं हाड कुठल्या गावचं, असं डॉक्टर विचारतो का? फोन ठेवा. तोवर मी उठत नाही."

साहेबाने फोन ठेवला. हात्सुए-साननी नंदिनीबाईंना शेजारी ओढलं. "आणि तू गं, गोड करून सांगू नकोस. मुकादमाच्या शिव्याही तू साखर घालून सांगायचीस."

नंदिनीबाईंच्या जिभेवर 'दोघांचं पटत नाही' एवढंच आलं होतं. इथल्या मराठी मंडळातले लोक काय म्हणतील, हा धाक. तो त्यांनी गिळला. स्वरूपा बोलली तसं, शब्दाला शब्द, सांगितलं. संध्याकाळच्या आत मायलेकरांना आसरा मिळाला, आणि पत्ता नवऱ्याला कळला नाही.

पुढे मंडळात कोणी म्हणालंच, "नंदिनीताईंनी घर फोडलं." बाई म्हणाल्या, "त्याने हाडं फोडली, तेव्हा कुठे होतात?"

हात्सुए-सानचे अर्ज चालूच राहिले. आता त्यांवर स्वरूपाचीही सही असे. २०२३ साली कचेरीने तिन्ही मागण्यांचा नियम केला. पेढे घेऊन नंदिनीबाई धावल्या, तर म्हातारी बूट घालत होती. "नियम केला म्हणे. पाळतात का, ते बघून येते."

त्यानंतर दर सोमवारी त्या तिथे जाऊन बसत. कोणी घाबरी बाई आली की शेजारी सरकून जागा करत.

हात्सुए-सान २०२४ च्या फेब्रुवारीत, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, न्यूमोनियाने वारल्या.