कोणाचाच नाई तो तुकडा

भेडाघाट रोड सोडून आमच्या बस्तीकडे वळलं का शहराची हद्द संपते न् खैरी पंचायत सुरू होते. पण संपते तिथंच सुरू नाई होत, हेच तं रडणं हाय. मधात रस्त्याचा एक तुकडा हाय, दोन ट्रक मांगंपुढं उभे राहतील एवढा. तो कोणाचाच नाई. शहरवाले म्हणतात पंचायतीचा. पंचायतीत गेलो तं सरपंच भैयालाल म्हणे, दादा, वो तो शहर का है. शहराचं डांबर अलीकडे थांबलं, पंचायतीचं सिमेंट पलीकडे. मधात असे खड्डे, म्हैस बसली तं पाठच दिसावी.

माही पोरगी बेबी बाळंतपणाले माहेरी आलेली. नववा लागला होता. ऑटोवाला तुकड्यापाशी आला का म्हणे, उतरो दीदी. तिथून घरापर्यंत पोट धरून पायी. आता हिले रातच्याले दुखायले लागलं तं कसं न्यायचं, खाटेवर टाकून? याच कायजीनं मी या ऑफिसातून त्या ऑफिसात चपला घासून राहिलो होतो.

शेवटी वरच्या ऑफिसातले एक साहेब तयार झाले. म्हणे, खड्डे सोता डोळ्यानं पाहीन, मंग ठरवीन हे काम कोणाचं. मी घरी येऊन अनसूयेले, माह्या बायकोले, सांगतलं का उद्या साहेब येऊन राहिले, चहापाण्याचं पाहा.

सकाळी लवकर साहेबाले आणायले ओमतीले त्याइच्या ऑफिसात गेलो, तिथं तीन तास वाट पाहिली. जीपमंदी त्याइच्या बाजूले बसून रस्ताभर सांगत आलो, खड्डे असे हायेत, तसे हायेत. तुकड्यापाशी पोचलो न् पाहतो तं काय. खड्डेच गायब. मुरूम टाकून, ठोकून सपाट केलेला, वरून पाणी शिंपडलेलं, दोन्ही बाजूले चुन्याची रेघ, मधात रांगोळीचं कमळ. न् शेजारची सुमनबाई बस्तीतल्या बाया घेऊन हार धरून उभी.

साहेब उतरले. हार घेतला. बुटाच्या टाचेनं मुरूम दाबून पाहिला.

"अच्छी-खासी सड़क है," म्हणे. "शिकायत किस बात की?"

मी सांगतलं का साहेब, आज सकाळपर्यंत इथं खड्डे होते. साहेब हसले. येडाच समजले असतील मले. घरी येऊन चहा घेतला, पोहे खाल्ले, पोह्याची तारीफ केली न् गेले.

जीप वळली तसा मी सुमनबाईवर उखडलो. काहून बुजवले म्हणून विचारलं.

"काहून म्हंजे? एवढा मोठा साहेब दारात येऊन राहिला न् रस्ता तसाच ठेवाव का, लक्ष्मणभाऊ? नाक कापलं असतं बस्तीचं."

"अवो बाई, तो खड्डेच पाहायले येत होता."

"मंग तसं सांगा लागत होतं. तुम्ही तं वहिनीले चहाचं सांगतलं."

अनसूया मांगून म्हणे, हे गेले तवापासून टोपल्या वाहून कंबर गेली माही, न् या माणसाले त्याची किंमतच नाई.

दुपारी साहेबाले फोन लावला. ते म्हणे, एकदा पाहिलं ना भैया, अब बस करो. मंग माही सटकली. घरून कुदळ आणली. म्हटलं होते तसे खड्डे करतो, न् आणतो कोणाले तरी पुन्हा पाहायले. कुदळ उचलली तं मांगून भोंगा वाजला. ऑटो होता. बेबी दवाखान्यात दाखवून येऊन राहिली होती.

"हटो दादा," ऑटोवाला म्हणे, "आज घर तक छोड़ता हूँ."

बेबीनं आतूनच कुदळ पाहिली न् समजली.

"बाबा," ती म्हणे, "मी मोकळी होऊ दे. मंग खोद जेवढं खोदायचं तेवढं."

बाजूले झालो. ऑटो सरळ दारापर्यंत गेला. मांगं मुरमात चाकाची घळ पडली. कुदळ उलटी धरली न् दांड्यानं तो मुरूम ठोकून बसवला. आता रोज सांजेले तेच करून राहिलो. एक ठोका शहराच्या नावानं, एक पंचायतीच्या, न् मधात ज्या शिव्या देतो त्या काही इथं सांगत नाई.