दोन्हींतला एक

"हजार फोटो काढतील, पण एक पुसायचा म्हटलं की पोटात गोळा. तुझ्या सासऱ्यांचं हे असं आहे बघ," सासूबाई तिच्या कानाशी पुटपुटल्या आणि चहाचा कप कीबोर्डच्या इतका जवळ ठेवला, की तिने आधी कप सरकवला आणि मगच मान हलवली.

"ऐकू येतं मला," सासरे म्हणाले.

"ऐकू यावं म्हणूनच बोलले."

दुपारी स्टुडिओ बंद असायचा तेव्हाच मागच्या खोलीत काय ते निवांत बसता यायचं. आज तेही नशिबात नव्हतं. कॉम्प्युटरने सकाळपासून एकच रडगाणं लावलं होतं, जागा संपली म्हणून. रविवारी घड्याळकाकांच्या मुलीचं लग्न होतं. काका सासऱ्यांचे लंगोटीयार, भर चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान असलेले. त्या लग्नाचे फोटो ठेवायचे तर आधीचा पसारा आवरायलाच हवा होता. तिची मान दुखत होती, डोळे चुरचुरत होते. सासरे शेजारच्या स्टुलावर, नाक पडद्याला टेकेल इतके वाकून बसले होते.

"हे बघ, प्रत्येक फोटो दोन-दोनदा दिसतोय. कुणी केले हे?"

"होत असतील आपोआप."

"आपोआप दूधसुद्धा उतू जात नाही, पोरी. आधी कुणीतरी गॅस पेटवावा लागतो."

ती हसली. गॅस तिनेच पेटवला होता. सासऱ्यांना सगळं पिवळट दिसायला लागलं, तसे ते प्रत्येक फोटोत निळा रंग वाढवत गेले. पहिल्या वेळी निळसर झालेलं बारशाचं बाळ पाहून गिऱ्हाईकाने घाबरून फोन केला होता. त्या दिवसापासून सासरे झोपायला गेले की ती त्यांनी केलेला फोटो उघडायची, शेजारी दुसरी प्रत काढायची, रंग जागेवर आणायची आणि तीच गिऱ्हाईकाला द्यायची. सॉफ्टवेअर कुणी शिकवलं नव्हतं, धडपडत शिकली. त्यांच्या हातचं पुसून टाकायचा मात्र कधी धीर झाला नाही. म्हणून सगळं जोडीनं साठत गेलं होतं.

घरात याला 'नंबर वाढलाय' म्हणत. सासरे दाराच्या चौकटीला धडकले की नंबर वाढलाय. भाजीवालीला बहीण समजून हाक मारली की नंबर वाढलाय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं, ते ऐकायला त्यांच्याबरोबर सासूबाई गेल्या होत्या. परत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "नवा चष्मा दिलाय." नंतर स्वयंपाकघरात सुनेचा हात घट्ट धरून म्हणाल्या, "यावर या घरात एक शब्द नको. त्यांचे डोळे म्हणजेच ते." त्या आठवड्यात घरात दोन ट्यूबलाइट जास्तीच्या लागल्या.

"एकेक जोडी मोठी करून दाखव," सासरे म्हणाले. "चांगला ठेवू, वाईट काढू. सरळ हिशेब."

तिने एक जोडी उघडली. कुठल्याशा शाळेच्या स्नेहसंमेलनातली मुलगी, दोनदा. डावीकडची तळ्यातून बाहेर काढल्यासारखी निळी. उजवीकडची गालावर ऊन घेऊन उभी.

सासरे बराच वेळ बघत राहिले. डोकं थोडं तिरपं करून बघितलं, मग मागे सरून.

"अगं, दोन्ही सारखेच तर आहेत. दोन्हींतला एक काढ."

"कुठला?"

"कुठलाही. वेडी आहेस का."

तिचं बोट माउसवर तसंच राहिलं. निळी काढली की काम झालं. आज, उद्या, पुढच्या वर्षीही. फक्त तिचं रात्रीचं दुरुस्तीचं काम तेवढं वाढत जाणार.

इतक्यात नवऱ्याने दाराच्या पडद्याआडून डोकं आत घातलं. तो पुढे काउंटरवर पासपोर्टचे फोटो कापत होता, एका हातात कात्री, दुसऱ्यात फोन.

"बाबा, घड्याळकाका विचारतायत, रविवारी तुम्ही येताय की मी?"

"तू? त्याच्या पोरीचं लग्न आहे, आधारकार्ड नाही. मीच येतो म्हणून सांग."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने सासूबाईंकडे. सासूबाई कपाटातल्या रिकाम्या फ्रेमा पुसायला लागल्या, पुसलेल्याच.

"हो, काका," नवरा फोनमध्ये म्हणाला, "बाबाच येतायत," आणि पडदा पडला.

रंग सुधारता येतो. तेच तर तिने इतके दिवस केलं. पण मागच्या आठवड्यात सासरे काकांच्या अंगणात जाऊन त्या मुलीचे लग्नाआधीचे फोटो काढून आले होते. कॅमेऱ्याचा आपोआप फोकस ते कधीच वापरत नसत. दुसऱ्याच्या तोंडानं जेवण्यासारखं आहे ते, म्हणायचे. ते फोटो तिने सगळे पाहिले होते आणि कुणाला दाखवले नव्हते. जे धूसर आलं, ते कुठल्याही बटणाने परत येत नाही. आणि लग्न काही पुन्हा लावत नाहीत.

तिने शाळेची जोडी बंद केली.

"आई, जरा इकडे येता? चष्मा लावून या."

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं," सासूबाई नेहमीचं म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या पडद्यासमोर कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. चहा ठेवायचा आणि मागे वळायचं.

"या तर."

त्या पदराने चष्मा पुसत आल्या आणि सुनेच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. तिने अंगणातला एक फोटो उघडला आणि पडदाभर मोठा केला. पायरीवर बसलेली नवरी मुलगी. चेहरा ओल्या साबणासारखा, नाकडोळे एकमेकांत विरघळलेले. आणि तिच्या मागे एक कुंडी. कुंडीवरचा तडा, पानापानावरच्या शिरा, एका पानावर बसलेली मुंगीसुद्धा लख्ख.

खुर्चीच्या पाठीवर सासूबाईंची बोटं आवळलेली तिला जाणवली.

"वा," सासरे म्हणाले. त्यांनी हात पुढे करून पडद्यावर त्या पुसट चेहऱ्याभोवती बोट फिरवलं. "पोरगी आईवर गेलीये अगदी. चेहरा काय सुरेख आलाय बघ."

तिने फोटो तसाच पडदाभर राहू दिला. मान वळवून सासूबाईंकडेही पाहिलं नाही.

"आलाय ना गं?" त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी जरा हळू.

सासूबाई खुर्चीला वळसा घालून पुढे आल्या. पडद्यावरचं सासऱ्यांचं बोट अलगद उचललं आणि तो हात आपल्या हातात घेतला.

"चेहरा नाही आलेला, अहो. कुंडी आलीये. तुम्हाला दिसत नाही आता."