न काढलेली रेघ

मंडळी, आपल्या घरात काही बिनसलं की पहिला सवाल ठरलेला, "कुणामुळं झालं?" कसं झालं, हे कुणी विचारत नाही. कुणामुळं! मग बोट घरभर फिरतं आणि शेवटी कुठल्यातरी बाईवर येऊन थांबतं. कोरेगावकडच्या एका बागायती गावात हेच झालं. फरक एवढाच, की या खेपेला बोट दाखवणारी होती बारावी सायन्सची एक हुशार पोरगी.

शिवांजली तिचं नाव. घर एकत्र. थोरले चुलते लालासाहेब फौजेतनं सुभेदार होऊन परतलेले, त्यांना सगळे आबा म्हणायचे. शिवांजलीचे वडील नानासो, म्हणजे तिचे अण्णा, ऊस बघायचे. या दोघा भावांना दोघी सख्ख्या बहिणी दिलेल्या, माहेर कवठे महांकाळकडचं. थोरली बनुबाई लालासाहेबांची बायको आणि धाकटी शिवांजलीची आई. म्हणजे बनुबाई शिवांजलीची चुलतीही आणि मावशीही. लहानपणी ही पोर "मावशी, मावशी" करत तिच्या पदराला लोंबकळायची.

पण बनुबाईला झाला मुलगा, जयराज, आणि बहिणीला तिन्ही मुली. झालं! बहीण बाजूला राहिली आणि जाऊबाईचा तोरा सुरू झाला. "माझ्या पोटाला वाघ, हिच्या पोटाला तीन शेळ्या," असं ती चारचौघांत हसून म्हणायची. थोरल्या दोघींना लवकर उजवून टाकलं. शिवांजलीला डॉक्टर व्हायचं होतं, तर बनुबाईचा धोशा एकच, "बारावी झाली की हिचंबी बघा."

जयराज भरतीला निघाला त्या सकाळी आईनं हौसेनं आरतीचं ताट केलं. बनुबाईनं उंबऱ्यावरच तिचा हात धरला.

"तू नगं ववाळू. पोरगा नसलेलीच्या हातनं नगं. पयल्यांदा चाललाय त्यो."

सगळ्यांदेखत! आईनं ताट खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून गोठ्याकडं गेली. शिवांजलीचं अंग पेटलं. 'थांब तू,' ती मनात म्हणाली, 'तुझं तोंड असं बंद करते, की पुन्यांदा उघडणार न्हाई.' त्या दिवसापासून तिनं मावशी म्हणणं सोडलं. नुसतं 'काकू'.

जयराज धावण्यात पहिला आला आणि मेडिकलला बाद झाला. ठिपक्यांच्या चित्रातला आकडा त्याला दिसेना. लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, रंगांधळेपणा आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. बनुबाईनं गळा काढला, "नजर लागली वं माझ्या वाघाला! घरातलीच नजर हाय ही!" बघत होती ती धाकट्या बहिणीकडं.

आणि योगायोग बघा! त्याच आठवड्यात साताऱ्याच्या कॉलेजात बायोलॉजीच्या धैर्यशील सरांनी आनुवंशिकतेचा धडा काढला. फळ्यावर एक्स आणि वाय लिहीत सर सांगत होते, "रंगांधळेपणाचं जनुक एक्सवर असतं. मुलाला वाय मिळतो बापाकडून आणि एक्स मिळतो आईकडून. म्हणजे मुलाला हा रंगांधळेपणा आला तर..."

"आईकडनं!" शिवांजली जवळजवळ ओरडलीच.

बाकीची पोरं डॉक्टरकीच्या नीट परीक्षेच्या मार्कांसाठी हा धडा पाठ करत होती. ही मात्र कोयत्याला धार लावल्यासारखी वाचत होती. तिनं वंशावळीचा तक्ता काढला, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. जयराजचा चौकोन काळा गिरवला, इतका की कागद फाटायला आला. त्याच्या वर बनुबाईचा गोल. बस्स! तिचा तक्ता तिथंच संपला.

वाचकहो, या तक्त्यात काय राहिलं ते तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल. तिच्या आलं नाही. डोक्यात राग शिरला की अक्कल शेण खायला जाते.

रविवारी भावकीतली चार माणसं जेवायला होती. जयराजचं पुढं काय करायचं, यावर बोलणं चाललं होतं. बनुबाईनं पुन्हा नजरेचा सूर लावला आणि शिवांजली वाढता वाढता थांबली.

"आबा, ही नजरबिजर कायबी न्हाई. आमाला धडाच हाय. हे आईकडनं येतंय."

"कुणाच्या आईकडनं?"

"दादाच्या. काकूकडनं."

घास हातातच राहिले. लालासाहेब सावकाश बायकोकडं वळले. "चार पिढ्या फौजेत गेल्या आमच्या. कुणी बाद झालं न्हवतं. ह्यो डाग तुझ्या म्हायेरनं आणलास व्हय गं?"

"आवं, मला काय ठावं..."

"गप! उद्या गाठोडं बांध आन् भावाच्या दारात जाऊन बस!"

जयराजनं आईकडं अशा नजरेनं पाहिलं, की बनुबाईचं तोंड उघडलं ते तसंच मिटलं. खरंच बंद झालं! खोटं कशाला सांगू, शिवांजलीला ते पेढ्यासारखं गोड लागलं. आता आई शाबासकी देईल म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. आई तव्यावरची भाकरी उलटत होती. मान वर न करता म्हणाली, "शिवे, ह्येच शिकाय साताऱ्याला धाडलं व्हय तुला?"

सोमवारी कॉलेजात तिनं सरांना सगळं सांगितलं, अगदी रंगवून. सर हसले नाहीत.

"तक्ता दाखव." तिनं कागद पुढं केला. "अर्धाच आहे हा. तुझ्या काकूंना हा एक्स कुठून आला?"

"त्यांच्या आईकडनं, न्हाईतर वडलांकडनं."

"त्यांच्या वडलांना रंग कळायचे?"

शिवांजलीला हसू आलं. "कुठलं वो सर! तांबड्या मिरच्या तोडाय धाडलं की आजा हिरव्या घेऊन यायचा. आज्जी लय तोंडसुख घ्यायची. घरात सगळी चेष्टाच करायची..." ती एकदम थांबली.

"मग आजोबांचा चौकोन काळा कर. बापाचा एक्स किती मुलींना जातो?"

"सगळ्या मुलींना."

"काकूंना बहीण आहे?"

सरांनी पेन तिच्यापुढं धरलं. "काढ रेघ."

तिनं रेघ काढली. बनुबाईच्या गोलाशेजारी दुसरा गोल आला, तिच्या आईचा. त्याखाली तीन गोल, आणि तिसरा तिचा स्वतःचा.

"तुझ्या आईतही तेच जनुक आहे," सर म्हणाले, "आणि तुझ्यात असण्याची शक्यता निम्मी. तुला भाऊ असता, तर तोही कदाचित बाद झाला असता. मग काल तू कुणाला घराबाहेर काढलंस?"

"सर, मी मावशीला..." शब्द आपोआप तोंडात आला आणि तिला रडू फुटलं.

"कुठल्या आईनं हा एक्स बाजारात बघून, निवडून घेतला गं? कुठून आलं, एवढंच शास्त्र सांगतं. गुन्हा कुणाचा, हे आपण चिकटवतो. मावशीनं नजरेच्या नावानं जे केलं तेच तू जीवशास्त्राच्या नावानं केलंस. तिच्या हातात निदान पुस्तक तरी नव्हतं!"

शिवांजलीनं पुढचे तास सोडले आणि एसटी पकडली. गावाच्या फाट्यावर उतरली, तर समोर बनुबाई! मांडीवर पिशवी घेऊन सांगलीकडच्या गाडीची वाट बघत बसलेली. एका दिवसात बाई वाळून गेली होती.

"मावशी, ऊठ. घरी चल."

त्या हाकेनं बनुबाईनं मान वर केली. "आता कसली मावशी? मिटलं की तुझ्या मनासारखं."

"न्हाई मिटलं. ऊठ तू."

अंगणात लालासाहेब, नानासो, जयराज, सगळे होते. शिवांजली मावशीचा हात धरून सगळ्यांपुढं उभी राहिली.

"आबा, काल मी अर्धंच सांगितलं. मावशीत हाय ते माझ्या आईतबी हाय. कदाचित माझ्यातबी. मावशीला धाडताय तर आमाला दोघींनाबी धाडा."

आई आली आणि बहिणीच्या शेजारी उभी राहिली. बनुबाईची पिशवी तिनं आपल्या हातात घेतली.

"आन् आजून एक," शिवांजली म्हणाली, "पोरगा का पोरगी, हे बापाच्या बाजूनं ठरतं. म्हंजे आमी तिघी झालो त्या ह्याच घराच्या रक्तामुळं. आजवर आईनं बोलणी खाल्ली. आता अण्णांना म्हायेरला धाडायचं म्हटलं, तर आबा, कुठं धाडायचं?"

नानासोंनाच खो खो हसू आलं. "दादा, मी कुठं जाऊ वं?" लालासाहेबांनी मिशीवरनं हात फिरवला, इकडंतिकडं पाहिलं आणि पुटपुटले, "च्या टाका कुणीतरी." जयराज उठला. धाकट्या काकूच्या हातातली पिशवी घेऊन त्यानं आत नेली आणि आईचे पाय धरले.

बनुबाई मात्र बहिणीपुढं उभी होती. "म्या तुला लय बोलली गं. येवढी वर्सं..." आणि तिला रडू कोसळलं. आई लगेच "असूंदे आक्का" म्हणाली नाही. तिनं बहिणीला पुरतं रडू दिलं. तेवढा हक्क तिचा होताच.

नीटचं केंद्र सांगलीला आलं. शिवांजली निघाली त्या सकाळी बनुबाईनं स्वतः आरतीचं ताट केलं आणि बहिणीच्या हातात दिलं. "आदी तू ववाळ. तुझा हात चांगला."

"मावशी, येते," शिवांजली म्हणाली आणि दोघींच्या पाया पडली.

तर मंडळी, शिक्षण हे हत्यार आहे, यात शंका नाही. पण ते आपल्याच माणसांवर उगारायचं नसतं. अज्ञानानं आजवर आयाबायांना पुष्कळ झोडपलं. आता ज्ञानाच्या काठीनंही त्यांनाच झोडपणार असाल, तर शिकून काय मिळवलंत? सूडच घ्यायचा असेल तर तो त्या "कुणामुळं?" या सवालावर घ्या. आणि उद्या घरात बोट उचलायची वेळ आली, तर आधी तक्ता पुरा काढा. त्यात कुठंतरी तुमचाही गोल नाहीतर चौकोन असतोच.