सांडणीची टुकडी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. सैनिकी शाळेच्या बँडमधला, पोटाने मोठा आणि आवाजाने त्याहून मोठा. एका सुताराने पातळ फळी वाफेवर वाकवून मला गोल केलं. कातडं मढवणाऱ्याने दोऱ्या आवळल्या आणि म्हणाला, "बोल!" मी बोललो. तेव्हापासून मी 'ढम्म' म्हणतो आणि मैदानावर शेकडो डावे पाय एकदम पडतात. असा थाट कुणाला मिळतो, सांगा!

एका वर्षी चौदा वर्षांची एक मुलगी आली. घरी तिचा कंगवा पिठाच्या डब्यात सापडायचा नि वही पलंगाखाली. कपडे शिवणारी तिची आई फाटकाशी म्हणाली, "एक सत्र बघू. संचलनाच्या दिवशी मी येईन. जमलं नसेल तर गपगुमान घरी यायचं."

जमणार कसं? पहिल्याच कवायतीत उजव्या पायाबरोबर तिचा उजवाच हात पुढे! उंट असाच चालतो म्हणे. मुलींनी लगेच नाव ठेवलं, सांडणी. कवायत मास्तर ओरडले, "अगं बाई, हात तुझेच आहेत ना? की उसने आणलेस?"

ती मात्र गालात हसत होती. पाचला शिट्टी, सव्वापाचला चादरीच्या घड्या, साडेपाचला मैदान! भिरभिरत्या पाखराला फांदी मिळावी, तसा तिला आखलेला दिवस मिळाला. रोज संध्याकाळी ती माझ्यापाशी यायची, हळूच थाप मारायची आणि जागच्या जागी पावलं टाकत गुणगुणायची:

ढम्म म्हणता डावा पाय,
उजवा हात पुढे जाय!

महिन्याभरात हात ताळ्यावर आले. सत्र संपता संपता मास्तरांनी चाळीस जणींची टुकडीच तिच्या हवाली केली. "सांडणे, आता तूच हाक यांना!"

संचलनाचा दिवस उजाडला. आई पहिल्या रांगेत बसली, मांडीवर रिकामी पिशवी. मुलीचे कपडे भरून न्यायच्या तयारीनेच आली होती ती. एक गोष्ट सांगायला मात्र लाज वाटते. कोठीतल्या ओलीने माझं कातडं कधीचं कुजत चाललं होतं. "उद्या बघू," असं मला वाजवणारा रोज म्हणायचा. टुकडी मैदानाच्या मध्यावर आली आणि फट्ट! मी फाटलो.

बिगुलवालेही गांगरून थांबले. मागच्या रांगेत दोघींचा पाय चुकला. गेलं, सगळं गेलं! मला तोंड लपवावंसं वाटलं, पण तेच तर फाटलं होतं.

तेवढ्यात तिचा आवाज कडाडला, "डावा! डावा! डावा!" अगदी माझ्याच ठेक्यात, ना कणभर पुढे, ना कणभर मागे. पावलं पुन्हा जुळली. सलामीच्या चौथऱ्यासमोरून टुकडी रेघेसारखी सरळ गेली.

"टुकडी, थांब!"

चाळीस टाचांचा एकच आवाज! मास्तर स्वतःची शिस्त विसरून शिट्टी वाजवत सुटले.

आई धावत आली. मुलगी धापा टाकत म्हणाली, "आई, राहू ना गं मी?"

"घरी तुला स्वतःचे दोन मोजे सापडत नव्हते," आई डोळे पुसत म्हणाली, "आणि इथे चाळीस जणींचे पाय सापडले! राहा बाई, राहा!"

मला नवं कातडं चढलं. आता माझ्या दोऱ्या रोज तपासल्या जातात, 'उद्या' हा शब्द कोठीत कुणी काढत नाही. मित्रांनो, तुमच्याकडेही एखादं वाद्य कोपऱ्यात पडलं असेल, तर आजच त्याची धूळ झटका. त्याला बोलू द्या. कोण जाणे, त्याच्या आवाजासाठी कुणीतरी पाऊल उचलून थांबलेलं असेल!