जसंच्या तसं

हिमानीने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि तसंच मागे घेतलं. बैठकीच्या खोलीच्या छतातून लोखंडाचं एक भलंमोठं गोल झाकण अर्धं खाली लोंबत होतं. स्लॅबला भगदाड पडलं होतं आणि त्यातून वाकलेल्या सळ्यांनी ते झाकण कसंबसं अडकवून धरलं होतं. भगदाडातून आलेलं ऊन थेट फरशीवर पडलं होतं. त्या उन्हातून बारीक रेती खाली येत होती. न थांबता, अगदी हळू.

"या ना ताई, आत या," हिरामण आतून म्हणाले. "भिंतीला लागून या. आमी तसंच येतो-जातो."

हिमानी दारातच थांबली. मागच्या आठवड्यात या मोरिवली गावाला लागून असलेल्या एका केमिकल कंपनीत टाकी फुटली, हे तिला ठाऊक होतं. स्फोटाचा आवाज अंबरनाथ स्टेशनपलीकडे तिच्या घरीही ऐकू आला होता. खिडक्या थरथरल्या होत्या. त्याच संध्याकाळी हिरामणच्या मुलाचा, विनीतचा फोन आला. तो नोकरीसाठी पुण्याला राहत होता. घराचं कर्ज घेताना बँकेने विमाही उतरवला होता आणि आता त्याचं काय करायचं ते घरात कोणालाच कळत नव्हतं. "छत फुटलंय म्हणतात बाबा. लोखंड अडकलंय," एवढंच त्याला सांगता आलं होतं.

हिमानी आधी उल्हासनगरला एका विमा एजंटच्या ऑफिसात क्लेमचं काम बघायची. ते ऑफिस बंद झाल्यावर ती हेच काम घरून करू लागली. पालेगावात एका माणसाने पडलेली भिंत विमा कंपनीचा सर्वेयर नुकसान पाहायला यायच्या आधीच बांधून घेतली आणि त्याचा क्लेम कायमचा अडकला, ते ती विसरली नव्हती. तेव्हापासून नव्या माणसाला तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. हिरामणनाही तिने फोनवर तेच ठासून सांगितलं होतं. "काही हलवू नका काका. सर्वेयर येईपर्यंत सगळं जसंच्या तसं राहू द्या. कशाला हात लावू नका."

फोनवर 'लोखंड' ऐकताना तिच्या डोळ्यांसमोर एखादा पत्र्याचा तुकडा आला होता.

स्वयंपाकघराच्या दारात बनूबाई आल्या. हातात पाण्याचा तांब्या होता. त्यांनी एकदा वर पाहिलं, मान खांद्यात ओढून घेतली, पाठ भिंतीला टेकवली आणि एकेक पाऊल सरकत त्या दारापर्यंत आल्या. पाणी जरासुद्धा सांडलं नाही. इतक्या दिवसांत ते अंगवळणी पडलं असावं.

"मावशी, तुम्ही घरातच राहताय?"

"मग जाऊ कुठं?" बनूबाई म्हणाल्या. "रात्री तिकडं आत झोपतो. मोरीकडं जायला इथूनच यावं लागतं. ह्यांना रात्री उठावं लागतं ना, मी जागी राहते. ते परत आल्याशिवाय माझा डोळा लागत नाय."

"तलाठी आले होते ना पंचनाम्याला? ते काही बोलले नाहीत?"

"बोलले, सांभाळून राहा."

हिमानीने तांब्या घेऊन तसाच उंबऱ्यावर ठेवला. तिने नजर खाली नेली तर दुसरंच दिसलं. खिडकीच्या फुटलेल्या काचा कॉटवरच्या चादरीवर तशाच पसरलेल्या होत्या. भिंतीवरची तसबीर पडली होती ती पालथीच होती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक टोप होता आणि त्यातून आंबट कुबट वास येत होता.

"त्या दिवशीचा भात हाय," बनूबाई ओशाळून म्हणाल्या. "वरून सगला सिमेंट पडला त्यात. टाकणार होते, पण हे बोलले, ताईंनी सांगितलंय हात लावायचा नाय. मग मी चूल बाहेर मांडली."

त्यांच्या पायाला चिंधी बांधलेली होती. काच लागल्याचं दिसत होतं. हिमानीने तिकडे पाहिलं आणि लगेच डोळे दुसरीकडे वळवले.

तेवढ्यात वर काहीतरी कुरकुरलं. आवाज फार मोठा नव्हता. जुनं कपाट उघडावं तसा. रेतीची धार क्षणभर जाड झाली, मग पुन्हा बारीक झाली. तिघंही श्वास धरून उभी राहिली.

"दुपारी तापलं की बोलतं ते," हिरामण हळूच म्हणाले. जणू मोठ्याने बोललं तर ते खाली येईल.

हिमानीने अंगणात येऊन सर्वेयरना फोन लावला. शशिकांत देवळे म्हणाले, त्या स्फोटातली बरीच घरं आहेत, उद्या नाहीतर परवा नक्की येतो. तिने फोन ठेवला.

"काका, तुम्ही दोघं आत्ता बाहेर या. हे काढायचं."

हिरामण जागचे हलले नाहीत. "आणि तो आल्यावर? बोलेल, तुमीच पाडलं. मग काय करायचं? दुसरा घर हाय का आमाला?"

"मी बोलेन त्यांच्याशी."

"तुमीच बोलल्या ना, हलवला तर क्लेम जातो."

हिमानीने मोबाइल काढला, चपला उंबऱ्याबाहेर ठेवल्या आणि मग काचा आठवून पुन्हा घातल्या. दारातून कॅमेऱ्यात झाकण तिरकं आणि अर्धवटच येत होतं; तेवढ्यावर भागणार नव्हतं. सळ्या, भगदाड, झाकणावरची कंपनीची अक्षरं, सगळं दिसायला हवं होतं. त्यासाठी झाकणाखाली जायलाच हवं होतं.

ती भिंतीला पाठ लावून सरकू लागली. बनूबाई गेल्या होत्या तशीच. खोलीच्या मधोमध येऊन तिने मान वर केली. लोखंडाचा काळा पोटाकडचा भाग तिच्या कपाळाच्या इतका जवळ होता, की त्याची ऊब जाणवत होती. त्याला औषधासारखा उग्र वास होता. एक सळई तुटायला आली होती. वाकलेल्या जागी ती पांढरी पडली होती. पहिला फोटो नुसता धूसर आला. तिने मोबाइल दोन्ही हातांत धरला. मानेवर रेती पडली, पाठीवरून खाली घरंगळली. फोटो काढून झाल्यावर ती बाहेर आली आणि अंगणातल्या दगडावर मटकन बसली.

बनूबाईंनी आपल्या पदराने तिच्या मानेवरची रेती झटकली.

हिरामण बायकोच्या त्या हाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि रस्त्यापलीकडच्या फॅब्रिकेशनच्या शेडकडे गेले. पूर्वी कारखान्यात नोकरीला असताना तिथल्या माणसांशी त्यांची ओळख झाली होती. ती माणसं टेकू आणि चेन-पुली घेऊन आली. आधी स्लॅबला खालून टेकू दिले, मग झाकणाला साखळी बांधली, मग सळ्या कापायला घेतल्या. सगळी गल्ली लांब उभी राहून बघत होती. झाकण हळूहळू खाली येऊ लागलं, कमरेइतकं आलं, आणि साखळी सटकली.

धरणी हादरावी तसा आवाज झाला. धूळ बसल्यावर दिसलं, की फरशी फुटून झाकणाची कड जमिनीत रुतली होती. स्वयंपाकघरातून मोरीकडे जायची वाट नेमकी तिथूनच जात होती.

कोणाला लागलं नव्हतं. तरी बनूबाई रडू लागल्या आणि बराच वेळ थांबल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळे आले. त्यांनी भगदाड पाहिलं, टेकू पाहिले, जमिनीत रुतलेलं झाकण पाहिलं.

"हे खाली कोणी घेतलं?"

हिरामणनी दाराची चौकट धरली. हिमानी पुढे झाली. "मी घ्यायला लावलं. आधीचे सगळे फोटो आहेत."

देवळ्यांनी फोटो पाहिले, मोठे करून करून पाहिले. एका फोटोवर ते थांबले.

"हे इतके दिवस वर होतं? आणि माणसं खाली?" त्यांनी चष्मा काढला. "पहिल्याच दिवशी काढायला हवं होतं. फोटो काढायचे आणि जीवाला धोका असेल ते बाजूला करायचं, पॉलिसीतच लिहिलेलं असतं. त्याने क्लेम जात नाही. हे असं ठेवायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

हिमानीचा चेहरा तापला. तिने तोंड उघडलं.

"कोणी नाय," बनूबाई तिच्याआधी म्हणाल्या. "ताई रोज फोन करून सांगत व्हत्या, काढा म्हणून. आमीच ऐकला नाय. म्हातारी माणसं आमी, घाबरलो."

देवळ्यांनी हिरामणकडे पाहिलं. हिरामण जमिनीकडे बघत मान डोलावत राहिले.

"ऐकत जा हो," देवळे म्हणाले. "चांगलं सांगणारं माणूस मिळालंय तर." आणि ते मापं घेऊ लागले.

हिमानीला खरं सांगायचं होतं, पण बनूबाईंनी तिचं मनगट धरलं होतं आणि ती पकड सुटत नव्हती.

देवळे गेल्यावर ती अंगणात आली. कुंपणाशी एक बाई तिची वाट बघत होती. तीन घरं सोडून राहणाऱ्या जनाबाई.

"ताई, आमच्याकडं पण या ना. आमची मागची भिंत फुगलीय," जनाबाई म्हणाल्या. मग जरा अभिमानाने पुढे म्हणाल्या, "पण आमी कशाला हात लावला नाय हां. बनूबाईंनी त्याच दिवशी सगल्यांना सांगितला ना, तुमी बोलल्या म्हणून. अख्ख्या गल्लीत कोणीच काय हलवला नाय."

हिमानीने मान वर करून गल्लीकडे पाहिलं. आत्तापर्यंत ती या गल्लीतून नुसती आली-गेली होती. समोरच्या घराचा पत्रा एका खिळ्यावर लटकत होता आणि त्याच्या खाली पायरीवर एक पोरगी भांडी घासत होती. त्यापलीकडच्या खिडकीची चौकट बाहेर झुकली होती. खाली दोरीवर कपडे वाळत होते.

"तुमच्या भिंतीजवळ कोण असतं?"

"सासरे असतात. त्यांना स्वतःहून उठवत नाय. खाट भिंतीलाच हाय त्यांची," जनाबाई म्हणाल्या. "ती पण हलवली नाय."

"घर कुठलं?" हिमानीने विचारलं.

जनाबाईंनी दाखवायला हात वर केला, तोवर ती धावू लागली होती.